अंधारात हात देणारा शेजारी

प्रायश्चित्तकाळाचा चौथा रविवार



आजचा रविवार प्रायश्चित्तकाळातील आनंदाचा रविवार. पुनरुत्थानाचा सण जवळ आला आहे याची आठवण म्हणून आज वेदीवर गुलाबी रंग दिसतो. आणि नेमके आजच योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणसाची कथा आपल्यासमोर वाचली जाते. अंधारात जन्मलेला एक माणूस प्रकाशात येतो. पण या कथेची सुरुवात एका प्रश्नाने होते, आणि तो प्रश्न परक्यांनी विचारलेला नाही, प्रभूच्या शिष्यांनी विचारलेला आहे. हा आंधळा जन्मला, तेव्हा पाप कोणाचे? याचे की याच्या आईबापाचे?

शिष्य त्या माणसाच्या समोर उभे आहेत. त्याला भूक लागली आहे का, रस्ता ओलांडून द्यायचा आहे का, हे कोणी विचारत नाही. त्याच्यादेखत त्याच्या दुःखाचा हिशेब चालू आहे. प्रभू येशू हा हिशेब तिथेच थांबवतो. याचेही पाप नाही, आईबापाचेही नाही, असे तो स्पष्ट सांगतो आणि लगेच कामाला लागतो.

आज आपण या प्रश्नावर थोडे थांबू या. कारण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न अजून विचारला जातो. डोळ्यांच्या आंधळ्याविषयी आता कोणी विचारत नाही. पण ज्याच्या मनात अंधार दाटला आहे, ज्याची झोप उडाली आहे, ज्याला जगणे नकोसे झाले आहे, त्याच्याविषयी आपण हेच विचारतो. याने काय केले असेल? घरात कोणाचा दोष? श्रद्धा कमी पडली का?

येत्या गुरुवारी, १९ मार्चला, पवित्र मरियेचे पती संत योसेफ यांचा सण आहे. हीच तारीख आपल्या जिल्ह्याला दुसऱ्या एका कारणाने ठाऊक आहे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण या गावचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी मालती आणि त्यांची चार मुले यांचे जीवन एकाच दिवशी संपले. शेतीच्या विवंचनेने खचलेल्या एका बापाने अख्ख्या कुटुंबासह जगाचा निरोप घेतला. या गुरुवारी त्या घटनेला चाळीस वर्षे होतात. २०१७ पासून या दिवशी किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेला साद देऊन अनेक जण अन्नत्याग करतात आणि त्या कुटुंबाची व त्यांच्यामागून गेलेल्या सर्वांची आठवण ठेवतात.

संत योसेफ हा सुखी मरणाचा आश्रयदाता आहे, असे आपण लहानपणापासून ऐकले आहे. का बरे? कारण परंपरा सांगते की त्याच्या शेवटच्या घटकेला एका बाजूला येशू होता आणि दुसऱ्या बाजूला मरिया. तो एकटा नव्हता. आणि आपल्या जिल्ह्यात या चाळीस वर्षांत किती जण एकटे गेले! घरात माणसे झोपलेली, गल्लीत शेजारी जागे, गावात देऊळ, मशीद, चर्च सगळे काही; तरी तो माणूस एकटाच. संत योसेफाच्या सणाला ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवू. शेतकऱ्याचे दुःख फक्त मनाचे दुःख नाही. पावसावर अवलंबून असलेली कोरडवाहू जमीन, कापसाला न मिळणारा भाव, बँकेचे आणि सावकाराचे कर्ज, मुलीचे लग्न, घरातले आजारपण, ही कारणे खरी आहेत आणि ती समुपदेशनाने मिटत नाहीत. त्यासाठी न्याय मागावाच लागतो. पण न्याय मिळेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे. आणि दुःख फक्त शेतकऱ्यालाच होते असेही नाही. परीक्षेत नापास झालेला मुलगा, बाळंतपणानंतर रडू न थांबणारी सून, नोकरी गेलेला तरुण, एकटी पडलेली म्हातारी, दारूच्या विळख्यात सापडलेला बाप, ही सगळी आपल्याच बाकांवर बसणारी माणसे आहेत.

आमच्याच धर्मग्रामातली गोष्ट

आम्ही हे दुरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका भावाच्या बाबतीत आम्ही चुकलो. तो आता बरा आहे, आणि नाव न लिहिता ही गोष्ट सांगायला त्याची संमती आहे.

तो गायनवृंदात पेटी वाजवायचा. एका वर्षी सोयाबीन हातचे गेले, पऱ्हाटीही लाल पडली. ऑक्टोबरपासून त्याचे मिस्साला येणे कमी झाले. नाताळच्या गाण्यांच्या सरावाला तो आलाच नाही. आम्ही काय केले? रस्त्यात भेटला तेव्हा विचारले, ‘काय भाऊ, चर्चला विसरलात वाटते?’ एकाने त्याला नोव्हेनाचे पुस्तक नेऊन दिले. एकाने सांगितले, ‘प्रार्थना कमी पडते आहे, गुडघे टेका, सगळे ठीक होईल.’ एक जण म्हणाला, ‘आपल्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले.’ आम्हाला वाटले, आपण त्याला धीर दिला. तो मात्र प्रत्येक भेटीनंतर आणखी आत गेला. पुढे त्यानेच सांगितले, ‘तुम्ही बोलायचे तेव्हा मला वाटायचे, देवही मला असेच बोलत असेल.’

त्याच्या घराशेजारी एक मावशी राहते. तिला लिहिता वाचता फारसे येत नाही. मध्यरात्री पाणी प्यायला उठली की हा ओसरीवर बसलेला तिला दिसे. तिसऱ्या रात्रीनंतर संध्याकाळी ती ताटात पिठलं भाकर घेऊन गेली आणि त्याच्याजवळ बसली. काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. चौथ्या दिवशी तो म्हणाला, ‘मावशी, रात्र सरतच नाही.’ तिने विचारले, ‘जीव द्यायचे मनात येते का रे बापू?’ तो रडला, आणि हो म्हणाला. त्या रात्री ती त्याच्या बायकोसोबत त्याच घरात झोपली. घरातली फवारणीची औषधे तिने आपल्या घरी नेऊन कुलपात ठेवली. सकाळी त्याच्या मेव्हण्याला बोलावून तिघे एस.टी.ने यवतमाळला डॉक्टरांकडे गेले.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. मध्ये एकदा त्याने गोळ्या सोडल्या, पुन्हा त्रास झाला, पुन्हा सुरू केल्या. कर्ज एका दिवसात फिटले नाही. पण बँकेत त्याच्यासोबत जायला दोन माणसे तयार झाली. आज तो पुन्हा पेटीवर बसतो. कधी कधी येतही नाही. आता आम्ही ‘का आला नाहीस’ असे विचारत नाही, आमच्यातला कोणी तरी त्याच्या घरी जाऊन येतो.

आम्ही शब्द दिले होते. मावशीने भाकर दिली, सोबत दिली, आणि डॉक्टरकडे नेले. शुभवर्तमान कोणी जगले, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

जन्मांधाभोवतीची माणसे

आजच्या शुभवर्तमानात त्या माणसाभोवती चार प्रकारची माणसे आहेत. त्यांच्यात आपण कुठे आहोत, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.

पहिले शेजारी. तो बरा होऊन येतो तेव्हा ते आपापसात वाद घालतात. हा तोच का? नाही, त्याच्यासारखा दिसतो. ते त्याच्याविषयी बोलतात. त्याच्याशी बोलायला त्यांना वेळ लागतो. आपल्या गावातही एखाद्याचे मन बिघडले की पारावर, नळावर, चर्चच्या आवारात त्याच्याविषयी किती बोलले जाते! आणि त्याच्या ओसरीवर मात्र कोणी जात नाही.

दुसरे परूशी. त्यांच्याकडे नियमाचे ज्ञान आहे. माणूस बरा झाला याचा आनंद त्यांना होत नाही, तो शब्बाथदिवशी बरा झाला याची चौकशी ते करतात. शेवटी त्याला जन्मापासून पापी ठरवून बाहेर घालवतात. मन आजारी असलेल्याला ‘तुझ्यावर काही तरी सावट आहे’, ‘तुझा विश्वास कच्चा आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा आपण परूश्यांच्या ओळीत उभे असतो.

तिसरे आईबाप. त्यांची फार कीव येते. सभास्थानातून बहिष्कृत होण्याची त्यांना भीती आहे. म्हणून ते म्हणतात, त्यालाच विचारा, तो वयात आलेला आहे. स्वतःच्या मुलाच्या बाजूने त्यांना उभे राहता येत नाही. आपल्या घरांतही हीच भीती आहे. पोरीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील, म्हणून आजार लपवला जातो. उपचार होत नाहीत, किंवा होतात ते दूरच्या गावी आणि चोरून. अशा आईबापांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना भीती वाटावी असे वातावरण आपणच तयार केले आहे, आणि ते आपणच बदलायचे आहे.

चौथा प्रभू येशू. तो काय करतो पाहा. थुंकी आणि माती कालवून लेप करतो, तो डोळ्यांना लावतो, आणि शिलोहच्या तळ्यावर जाऊन धुवायला सांगतो. एका शब्दाने बरे करणे त्याला अशक्य नव्हते. तरी त्याने माती वापरली, पाणी वापरले, आणि त्या माणसाला चालत जायला लावले. पुढे सगळ्यांनी त्याला बाहेर काढले, हे कानावर आले तेव्हा प्रभू त्याला शोधत गेला. तो मंदिरात येईल तेव्हा बोलू, असे म्हणत बसला नाही. बाहेर काढलेल्याला शोधायला जाणे हे प्रभूचे काम आहे, आणि म्हणून ते ख्रिस्तसभेचेही काम आहे.

आजच्या पहिल्या वाचनातही हेच आहे. शमुवेल संदेष्टा इशायाच्या थोरल्या, उंच मुलाकडे पाहून भुलतो. परमेश्वर त्याला सांगतो की माणूस बाहेरचे पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो. बाहेरून हसणाऱ्या माणसाच्या आत काय चालले आहे, हे पाहायला आपण त्याच्याकडूनच शिकले पाहिजे.

एलियाला देवाने आधी काय दिले?

काही जणांना वाटते, खऱ्या भक्ताला असे कधी होतच नाही. पवित्र शास्त्र असे म्हणत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलियासारखा मोठा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याला आता पुरे झाले आहे. देव त्याला रागावत नाही, प्रवचनही देत नाही. तो झोपतो. देवदूत येऊन त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई तिथे आहे. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला देतो, आणि वाट लांबची आहे हे मान्य करतो. होरेब डोंगरावरचा मंद आवाज, नवे काम, सोबतीला अलीशा, हे सगळे त्यानंतर.

ईयोबाच्या मित्रांचेही असेच. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, तोपर्यंत ते चांगले मित्र होते. तोंड उघडून त्याचे पाप शोधू लागले, तेव्हा ते त्याला ओझे झाले.

आणि स्वतः प्रभू? गेथशेमाने बागेत त्याचा जीव मरणप्राय दुःखी झाला होता. त्याने ते लपवले नाही. तीन शिष्यांना सांगितले, आणि माझ्यासोबत जागे राहा अशी विनंती केली. मदत मागणे हा दुबळेपणा असता, तर प्रभूने ती मागितली नसती. संत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही, आणि आपल्या घरांतले पुरुषही बोलत नाहीत. बापाने, भावाने रडायचे नसते असे आपण त्यांना शिकवले आहे. त्या पुरुषांना आम्ही सांगतो: बागेतल्या येशूकडे पाहा.

प्रार्थना की डॉक्टर?

हा प्रश्न आम्हाला पुष्कळदा विचारला जातो. आमचे उत्तर आहे, दोन्ही. पवित्र शास्त्रातील सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी जाऊन वाचा. आजारी पडल्यावर प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, कारण वैद्याला आणि औषधाला देवानेच निर्माण केले आहे, असा त्याचा बोध आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतींच्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितले की ते ४२ वर्षांचे असताना, धर्मगुरू असताना, सहा महिने दर आठवड्याला एका यहुदी मनोविश्लेषक बाईंकडे जात होते आणि त्यांची फार मदत झाली. पुढे पोप झालेल्या माणसाला याची लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

दुःख आणि आजार यांत फरक आहे. पीक गेले, माणूस गेले, की दुःख होणारच. ते देवाने दिलेल्या मनाचे लक्षण आहे. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ रोजच मन उदास राहिले, कशात रस वाटेना, झोप आणि भूक बिघडली, अंगात त्राण राहिले नाही, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे सतत वाटू लागले, तर ते नैराश्य असू शकते. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बोलण्याने होणारे उपचार आहेत, गोळ्याही आहेत. गोळ्यांचा गुण लगेच दिसत नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करायच्या नसतात. आणि कोणी मरणाची भाषा करू लागला, वस्तू वाटून टाकू लागला, सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखा बोलू लागला, तर एक दिवसही थांबू नये.

पापनिवेदनाच्या संस्काराने पापांची क्षमा मिळते. नैराश्य हे पाप नाही, म्हणून त्यासाठी नुसते पापनिवेदन पुरत नाही. रुग्णाभ्यंगाचा संस्कार मात्र मनाच्या गंभीर आजारातही मागता येतो. तो मागायला संकोच करू नका. धर्मगुरू ऐकून घेतील, प्रार्थना करतील, आणि गरज असेल तर डॉक्टरकडे जा म्हणून सांगतील. तेही प्रभूच्या शिलोहला पाठवण्यासारखेच आहे.

गेलेल्यांविषयी आणि मागे राहिलेल्यांविषयी

आपल्यात अशी कुटुंबे आहेत ज्यांचा माणूस असा गेला. ती आजही मागच्या बाकावर बसतात. त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जीवन ही देवाची देणगी आहे आणि ते आपल्या हाताने संपवू नये, ही ख्रिस्तसभेची शिकवण कायम आहे. पण १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅथलिक धर्मशिकवण हेही सांगते की मनाचा गंभीर आजार, तीव्र यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा रीतीने गेलेल्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, कारण देवाला ठाऊक असलेल्या मार्गाने तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. १९१७ च्या जुन्या धर्मनियमात त्यांना ख्रिस्ती दफन नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या धर्मनियमात ती राहिलेली नाही. तुमच्या माणसासाठी मिस्सा मागा. मान खाली घालून मागू नका.

मागे राहिलेल्या बायकांचे काय? जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातील वैशाली येडे या शेतकरी कुटुंबातील विधवा भगिनीच्या हस्ते झाले. त्यांनी ‘तेरवं’ या नाटकातही काम केले आहे. शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या स्त्रियांचे जगणे त्या नाटकात आहे. सुतकानंतर लोक पांगतात, मदतीचा धनादेश आला की नाही एवढेच विचारतात, आणि मग त्या बाईची खरी परीक्षा सुरू होते. जगायचे ठरवलेल्या या बायांकडून आपण धीर शिकावा, आणि त्यांच्या घरी तेरवीनंतरही जात राहावे.

आधार कुठे मिळेल?

आधार फार दूर नाही. शासनाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यांसाठी आखला गेला. त्यात गावातील आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसे ओळखावीत आणि त्यांना उपचारापर्यंत न्यावे, असा विचार होता. म्हणून आशाताई घरी आली, तर तिच्याशी मोकळे बोला. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन मानसोपचाराविषयी विचारता येते. घराबाहेर पडता येत नसेल, तर टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.

पोलिसांच्या भीतीने काही घरे दवाखान्यात जात नाहीत. ही भीती सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानले जाते आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी शासनावर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलमही राहिलेले नाही. आधी जीव वाचवा.

आणि ‘आम्ही साधी माणसे, आम्हाला काय जमणार?’ असे म्हणू नका. आपल्या विदर्भातच ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प ३० गावांत झाला. गावातीलच लोकांना शिकवून तयार केले गेले, त्यांनी घरोघरी बोलणे सुरू केले, आणि गरज असलेल्यांना डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. आधी नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने ते प्रमाण सत्तावीसवर गेले. हे मोठ्या इस्पितळाने केले नाही, शेजाऱ्यांनी केले. बेल्जियममधील गील या गावात तर संत डिम्फना यांच्या तीर्थस्थानी येणाऱ्या मनोरुग्णांना मध्ययुगापासून गावातील कुटुंबे आपल्या घरात ठेवून घेतात, जेवू घालतात, शेतात सोबत नेतात. एक धर्मग्राम काय करू शकते, याचे ते उदाहरण आहे.

या आठवड्यात आपण काय करू?

१. जो माणूस बऱ्याच दिवसांत दिसला नाही, त्याच्या घरी एकदा तरी जाऊ. हात रिकामे नकोत, काही तरी खायला नेऊ. आणि ‘चर्चला का येत नाही’ हा प्रश्न घरी ठेवून जाऊ.

२. ऐकू. मध्ये तोडणार नाही, तुलना करणार नाही, वचने फेकणार नाही. मनात मरणाचे विचार येतात का, हे प्रेमाने आणि सरळ विचारू. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट त्या माणसाला हलके वाटते. ऐकलेले दुसरीकडे सांगणार नाही. मात्र जीवाला धोका असेल, तर ते गुपित ठेवणार नाही.

३. त्याला एकटे सोडणार नाही. घरातली फवारणीची औषधे कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवू. दवाखान्यात, बँकेत, तहसीलमध्ये त्याच्यासोबत जाऊ.

४. गुरुवारी संत योसेफाच्या सणाच्या मिस्सामध्ये आपल्या जिल्ह्यात असे गेलेल्या सर्वांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी प्रार्थना करू. ज्यांना शक्य आहे त्यांनी त्या दिवशी एक वेळ उपवास करावा, आणि वाचलेले धान्य किंवा पैसे अशा एका घरी नेऊन द्यावेत.

शेवटी, जो भाऊ, जी बहीण हे पान अंधारात बसून वाचत आहे, तिला आणि त्याला आम्ही काही सांगतो. तुम्ही पापी म्हणून हे दुःख आलेले नाही. देवाने तुम्हाला टाकलेले नाही. आज प्रार्थना होत नसेल, तर तुमच्या वतीने आम्ही करतो. तुम्ही फक्त एवढे करा: आज झोपण्यापूर्वी एका माणसाला सांगा. घरातल्या कोणाला, शेजारच्या मावशीला, फादरांना, सिस्टरना, किंवा फोनवरच्या अनोळखी माणसाला. एकच वाक्य पुरे, ‘मला बरे वाटत नाही, माझ्याजवळ बस.’ आणि पहिल्या माणसाला ते कळले नाही, तर दुसऱ्याला सांगा. आम्हालाही पहिल्यांदा कळले नव्हते.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, अंधारात बसलेल्या माणसाला पाप कोणाचे असे न विचारता तू त्याच्या डोळ्यांना हात लावलास. आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक खचलेल्या मनाला तुझा हात लागो. आमच्या जिभेला थांबायला शिकव, आमच्या कानांना ऐकायला आणि आमच्या पायांना शेजाऱ्याच्या ओसरीपर्यंत चालायला शिकव. जे एकटे गेले त्यांना तुझ्या घरी जागा दे. मागे राहिलेल्यांचा तू आधार हो. डॉक्टरांच्या, आशाताईंच्या आणि सोबत बसणाऱ्या प्रत्येकाच्या कामाला आशीर्वाद दे. हे संत योसेफा, तुझ्या शेवटच्या घटकेला येशू आणि मरिया तुझ्याजवळ होते. आमच्या गावात कोणीही एकटे राहू नये म्हणून आमच्यासाठी विनंती कर. आमेन.